फिरत्या सेवेसाठी गाडी बांधून घेताना

फिरस्ती

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेच्या दोन सेवा आहेत: प्राथमिक आरोग्य तपासणी आणि मुलांचं वाचनालय. आजवर मिळेल त्या खोलीत सामान उतरवायचं, मांडायचं आणि संध्याकाळी पुन्हा भरायचं असं चालायचं. आता एक देणगीदार गाडीचा खर्च उचलायला तयार झालेत आणि कार्यकारिणीच्या अंगात उत्साह संचारलाय. एकाला टपावर सौर पॅनेल हवीत, दुसऱ्याला मोठा टीव्ही, तिसऱ्याला दातांच्या डॉक्टरची खुर्ची, आणि सगळ्यांना हे सगळं एकाच गाडीत.

दोन बॉडीवाल्यांनी चित्रं पाठवली. देखणी आहेत. पण दोन्हींत गाडी धावतेय, मागे डोंगर, रस्ता पळतोय. माझ्या डोक्यात वेगळाच हिशोब आहे. ठिकाणावर पोचायला तासभर, परतायला तासभर, आणि मधले पाच-सहा तास गाडी एका जागी उभी. लोक तिला पाहणार, वापरणार ते उभी असतानाच. या उभ्या गाडीचा विचार चित्रात कुठेच दिसत नाही. वीज कुठून येणार, पाणी किती लागणार, रांग कुठे लावायची, आतला आवाज बाहेर जाईल का, चाकाची खुर्ची आत कशी घ्यायची?

ज्यांनी अशी गाडी बांधली, चालवली किंवा आत बसून काम केलंय त्यांनी कृपया लिहावं. चासी (ज्यावर बॉडी चढवतात तो इंजिन-चाकांसकटचा सांगाडा) कुठल्या कंपनीची घ्यावी हा प्रश्न मी विचारलेला नाही, त्यावरून भांडणं नकोत. :)

कमानपाटा

प्रश्न योग्य जागी ठेवलात. बॉडी बांधणीच्याच धंद्यात आहे, म्हणून आधी वजनाचं बोलतो. बाकी सगळं त्यानंतर.

प्रत्येक चासीला कंपनीने एक एकूण वजन ठरवून दिलेलं असतं. गाडी, बॉडी, सामान, माणसं, पाणी, डिझेल, सगळं त्यात आलं. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणून तिकडच्या कितीतरी सेवा-व्हॅन त्या आकड्यात कोंबलेल्या असतात. उदाहरणाला तीच घेऊ. रिकामी व्हॅन समजा २,१०० किलो. उरले १,४००. आतली भिंत, इन्सुलेशन, फरशी, कपाटं यांचे ५०० सहज होतात. उपकरणं ३००. चालक धरून चार माणसं, २८०. पाणी १५० लिटर म्हणजे १५० किलो. बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर १००. झाले १,३३०. शिल्लक ७० किलो. आणि अजून सावलीचं छत, औषधांची खोकी, खुर्च्या, जॅक यातलं काहीच चढलेलं नाही. तुमच्या कार्यकारिणीचा टीव्ही तर सोडाच.

मोठी चासी घेतली की प्रश्न सुटला असं वाटतं, पण मोठी गाडी अरुंद गल्लीत जात नाही, आणि जिथे जात नाही तिथलेच लोक तुम्हाला हवे असतात. म्हणून आधी मार्ग बघा. सगळ्यात अडचणीचं वळण, सगळ्यात खाली लोंबणारी वीजतार, सगळ्यात मऊ मैदान. त्यावरून लांबी-उंची ठरवा, त्यावरून वजन, आणि उरलेल्या वजनात काय बसतं ते शेवटी. बहुतेक संस्था नेमकं उलटं करतात.

दुसरी गोष्ट, एकूण वजन बसलं म्हणजे झालं असं नाही. प्रत्येक ॲक्सलची, म्हणजे चाकांच्या जोडीच्या आसाची, मर्यादा वेगळी असते. जनरेटर मागे, पाण्याची टाकी मागे, व्हीलचेअरची लिफ्टही मागे, असं केलं की मागच्या चाकांवर बोजा येतो आणि पुढची चाकं हलकी होतात. मग स्टेअरिंग तरंगतं, ब्रेक नीट धरत नाहीत. सगळी कपाटं एका भिंतीला लावली की गाडी कायम त्या अंगाला कललेली. मी ग्राहकाला वजनकाट्यावर घेऊन जातो: आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग नुसती मागची, मग पूर्ण गाडी. बॉडी चढवण्याआधी एकदा आणि पूर्ण भरून एकदा. करारात लिहून घ्या की शेवटचा हप्ता या पावत्या हातात आल्यावरच. बॉडीवाला कुरकुरेल. कुरकुरू दे. (मीही कुरकुरतो.)

पानोपानी

फिरत्या वाचनालयात बरीच वर्षं आहे, तेवढ्यापुरतं लिहिते.

पुस्तकं भयंकर जड असतात. लहान मुलांचं पातळ पुस्तक दोन-अडीचशे ग्रॅम, जाड कादंबरी अर्ध्या किलोच्या घरात. सरासरी तीनशे ग्रॅम धरलं तरी दोन हजार पुस्तकं म्हणजे ६०० किलो, आणि रॅकचं वजन वेगळं. रॅकच्या फळ्या सपाट करू नका. मागच्या बाजूला दहा-पंधरा अंशांचा उतार हवा, म्हणजे वळणावर पुस्तकं भिंतीकडे रेलतात. समोर पट्ट्या किंवा दोऱ्या लावणारे लोक आहेत, पण प्रत्येक थांब्यावर त्या सोडणं-बांधणं होत नाही, आणि मग एके दिवशी राहून जातं. जाड पुस्तकं खालच्या फळीवर, हे सांगायला नको.

गाडीच्या बाह्य रूपाबद्दल एक जुनी हकीकत मला फार आवडते. अमेरिकेत मेरीलँडमधल्या हेगर्सटाऊनच्या ग्रंथपाल मेरी टिटकॉम्ब यांनी १९०५ मध्ये दोन घोड्यांची पुस्तकगाडी सुरू केली. पुस्तकांची कपाटं गाडीच्या बाहेरच्या अंगाला, दारं उघडली की पुस्तकं समोर. गाडीचा रंग गडद आणि गंभीर होता. ती एका घरासमोर मंदावली तर आतून आवाज आला की इथे थांबू नका, आमच्याकडे कुणी गेलेलं नाही! लोकांना ती शववाहिका वाटली. मग चाकं आणि दारांचे तुकडे लाल रंगवून घेतले. हीच गाडी १९१० मध्ये रेल्वे फाटकावर मालगाडीच्या धडकेत मोडली, आणि १९१२ मध्ये तिच्या जागी मोटार आली.

आपल्याकडेही १९३१ साली तमिळ मुलखात मन्नारगुडीच्या परिसरात बैलगाडीवरचं वाचनालय फिरत होतं. सांगायचा मुद्दा, इंजिन नसतानाही ही सेवा चालली, कारण ठरल्या वारी, ठरल्या वेळी गाडी येणार याची खात्री होती. आमच्या वाचकांना गाडीत एसी आहे की नाही याचं काही पडलेलं नसतं. मंगळवारी गाडी आली नाही तर मात्र पुढच्या मंगळवारी निम्मे लोक गायब. तेव्हा गाडी गॅरेजला गेली की सेवा कशी चालू ठेवणार हे आत्ताच ठरवून ठेवा.

स्टेअरिंगवरून

ताई, मी अशीच दवाखान्याची गाडी चालवतो. टायपिंगची सवय नाही, जमेल तसं लिहितो.

चित्र काढणाऱ्याला कधी गाडी मागे घ्यायला लावा. बॉडी चासीच्या मागे फार लांब काढतात, वळताना मागचं टोक भिंतीला घासतं. खाली पायऱ्या, टाकी, जॅक असं सगळं लोंबतं, मग गतिरोधक आला की खर्रकन आवाज.

दुसरं, पायरी बाहेर आहे, छत उघडं आहे, जॅक खाली आहे, लिफ्ट अर्धी उघडी आहे, यातलं काहीही असेल तर केबिनमध्ये लाल दिवा आणि बझर पाहिजेच. संध्याकाळी सगळ्यांना घरी जायची घाई असते. डॉक्टर म्हणतात चला, आपण गिअर टाकतो. बझर असेल तर वाचतो.

तिसरं, मागे बघायचा कॅमेरा लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मुलं गाडीभोवतीच असतात. मागे घेताना एक माणूस खाली उतरलाच पाहिजे, हा नियम करा आणि डॉक्टरलाही लागू करा.

आणि चालक नेमताना नुसता लायसन्सवाला नेमू नका. दिवसभर गाडी उभी असते तेव्हा जनरेटर, पाणी, रांग, नावं लिहिणं, म्हाताऱ्यांना हात देणं, हे सगळं चालकच करतो. लोक पहिल्यांदा आमच्याशीच बोलतात. त्याला खालच्या आवाजात बोलता आलं पाहिजे.

फिरस्ती

@स्टेअरिंगवरून, दादा, बझरचा मुद्दा लगेच यादीत टाकला. दोन्ही चित्रांत तो नाहीये.

@कमानपाटा, काल आम्ही तुमच्या पद्धतीने बेरीज केली. टीव्ही गेला. दातांची खुर्ची अजून लढतेय.

शून्य व्होल्ट

विजेचं मी घेतो.

आधी यादी करा: काय, किती वॅट, किती तास. लोक उलट विचारतात, 'किती केव्हीएचा इन्व्हर्टर घेऊ?' दीड टनाचा एसी चालू असताना साधारण दीड किलोवॅट खातो. पाच तास चालवला तर सात-साडेसात युनिट. दिवे, लॅपटॉप, पंखे मिळून एक युनिट. निर्जंतुकीकरणाचं यंत्र दीड-दोन किलोवॅट खेचतं, पण थोडाच वेळ. म्हणजे दिवसाला नऊ-दहा युनिट धरा.

आता छत. सात मीटर बाय सव्वादोन मीटरच्या टपावर कागदोपत्री पंधरा चौरस मीटर मिळतात. एसीचं युनिट, हवेची झडप, कडा वगळता नऊ-दहा उरतात. त्यावर दोन किलोवॅटच्या आसपास पॅनेल बसतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी आठेक युनिट निघतील. पण पूर्ण ऊन पॅनेलला हवं तर गाडी उन्हात उभी करावी लागते, आणि उन्हात उभी केली की एसी जास्त चालवावा लागतो. झाडाखाली लावली की पॅनेल झोपतात. ही कुस्ती रोजची आहे. म्हणून छताला आणि भिंतींना चाळीस-पन्नास मिलिमीटर पफ (फोमचं) इन्सुलेशन आणि टपाला पांढरा रंग. वाचवलेलं युनिट सगळ्यात स्वस्त.

बॅटरी. शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर ती लवकर मरते. दहा युनिट वापरायचे तर वीस युनिटचा साठा ठेवावा लागतो आणि वजन पाचशे किलोच्या पुढे जातं. लिथियम आयर्न फॉस्फेटची ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, वजन शे-सव्वाशे किलो. महाग असते, पण कमानपाटांची बेरीज पाहिल्यावर महाग कुठली ते तुम्हीच ठरवा.

जनरेटर घेतलाच तर तो दाराच्या विरुद्ध बाजूला, बाहेरून उघडणाऱ्या बंद कप्प्यात, आणि धुराची नळी टपाच्या वर. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. तो वायू ना दिसतो ना वास येतो.

इंजिन चालू ठेवून वीज काढायची कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धात मेरी क्युरी यांनी क्ष-किरणांच्या मोटारी आघाडीवर नेल्या तेव्हा मोटारीच्याच इंजिनावर डायनॅमो फिरवून वीज काढली होती. अशा वीसेक गाड्या त्यांनी उभ्या केल्या आणि स्वतःही एक चालवली. आजच्या डिझेल इंजिनाला मात्र तासन् तास नुसतं चालू ठेवणं मानवत नाही, धुराच्या गाळणीत काजळी साठते. विजेवर चालणारी गाडी परवडत असेल तर हा सगळा तमाशाच संपतो: साठ युनिटच्या बॅटरीतून दिवसभरात दहा युनिट गेले तरी परतीपुरती वीज उरते, आणि आवाज शून्य. मार्ग किती लांब आहे तेवढं तपासा.

आता खरा जीवघेणा मुद्दा. गाडी रबरी टायरवर उभी असते. बाहेरून वायर ओढून वीज घेतली आणि आत कुठे वायर सोलवटली, तर अख्खी धातूची बॉडी जिवंत होते. आतल्या माणसाला काही कळत नाही, त्याच्या सभोवतालचं सगळं एकाच व्होल्टेजवर असतं. शॉक बसतो तो पायरी चढणाऱ्याला: एक पाय जमिनीवर, एक हात कठड्यावर. म्हणून ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच, बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर, आणि प्रत्येक थांब्यावर स्विचचं टेस्ट बटण दाबून बघणं. यात तडजोड नाही. आणि घरातली एकसंध तारेची वायर गाडीत वापरू देऊ नका, कंपनांनी आतून तुटते. बहुतारी, लवचिक तांब्याचीच हवी.

टिचकी

+१. पायरीवाला मुद्दा वाचून आमच्या गाडीचा स्विच आत्ता जाऊन बघून आलो. आहे. हुश्श.

नाडीपरीक्षा

आत बसून काम करणाऱ्यांच्या बाजूने.

आवाज हा पहिला शत्रू. स्टेथोस्कोपने रक्तदाब घ्यायचा आणि शेजारी जनरेटर धडधडतोय, अशा स्थितीत आकडे अंदाजे लिहिले जातात. मुलांची श्रवण तपासणी करायची असेल तर साध्या गाडीत ती होतच नाही, त्यासाठी वेगळी ध्वनिरोधक कोठडी लागते.

दुसरं, हलणं. कुणी पायरी चढलं की कमानपाट्यांवरची (पट्ट्यांच्या स्प्रिंगवरची) गाडी डुलते. रक्त काढताना, डोळा तपासताना हे चालत नाही. चार कोपऱ्यांवर जॅक लावून बॉडीचा भार त्यांच्यावर घ्यावा लागतो. त्यांच्याखाली रुंद पाट हवेत, नाहीतर मऊ जमिनीत रुततात. शस्त्रक्रियेसारखं काम असेल तर तर्‍हाच वेगळी. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने आयआयटी मद्रासच्या साहाय्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी फिरतं युनिट उभं केलं, त्यात दोन बस एकमेकींना जोडतात: एकीत रुग्णाची तयारी, दुसरीत शस्त्रक्रियागृह. एकाच डब्यात सगळं घालण्याच्या हट्टावर ते उत्तम उत्तर आहे.

फरशी विनाइलची, कडेला भिंतीवर चार बोटं वळवलेली, म्हणजे कोपऱ्यात घाण अडकत नाही. हात धुण्याचा नळ कोपराने किंवा पायाने चालणारा. सुयांचा डबा भिंतीला पक्का. लशी नेणार असाल तर २ ते ८ अंश सेल्सिअस हे दोन्ही बाजूंनी पाळायचं असतं. गोठल्यानेही कित्येक लशी वाया जातात, हे गाडीतल्या फ्रीजवर बर्फाचा कप्पा पाहून खूश होणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आणि खासगीपणा. पडद्याने दिसणं थांबतं, ऐकू येणं नाही. नावनोंदणी बाहेर छताखाली करा, बोलणं आत दार लावून. गाडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत आजाराचं नाव लिहू नका. 'क्षयरोग तपासणी' असं रंगवलेल्या गाडीत चढताना माणूस आधी इकडेतिकडे बघतो, मग घरी जातो. नुसतं 'आरोग्य तपासणी' पुरे.

पेटीवाला

सगळ्यांच्या विरुद्ध मत मांडतो. गाडी बांधूच नका.

बांधलेली गाडी म्हणजे एकाच कामाला जुंपलेलं भांडवल. चासी बिघडली की दवाखाना बंद, दवाखान्याचं उपकरण बिघडलं की चांगली चासी पडून. देणगीदार गाडीला पैसे देतो, गाडीवर नाव रंगवतो, फोटो काढतो. डिझेल, टायर, विमा, चालकाचा पगार, नर्सचा पगार यांना कोण देणार? गाड्या मोडून बंद पडत नाहीत, चालवायला पैसे नसतात म्हणून बंद पडतात.

त्यापेक्षा सगळी सेवा चाकं लावलेल्या मजबूत पेट्यांमध्ये बसवा: एक तपासणीची, दोन पुस्तकांच्या, एक विजेची, सोबत घडीचा तंबू. साधी बंद गाडी भाड्याने घ्या. गाडी नादुरुस्त झाली तर दुसरी बोलवा. जिथे खोली मिळते तिथे पेट्या आत ढकला, नाही मिळाली तर तंबू ठोका.

फिरस्ती

@पेटीवाला, चालवायच्या खर्चाचं एकदम पटलं. देणगीदारांशी बोलले की गाडीसोबत पहिल्या तीन वर्षांचा चालवण्याचा खर्चही हवा, नाहीतर गाडी लहान करू. विचार करतो म्हणालेत.

पण पेट्यांचंच तर आम्ही आजवर करतोय. रोज दीड तास उतरवण्यात आणि दीड तास भरण्यात जातो. तेवढ्या वेळात किती माणसं तपासून झाली असती! आणि पावसात तंबू?

कमानपाटा

मधला रस्ता आहे. ट्रेलर. खोली ट्रेलरवर बांधा, ओढणारी गाडी वेगळी. ट्रेलर सकाळी एका जागी सोडून ओढणारी गाडी दिवसभर दुसऱ्या कामाला वापरता येते. इंजिन जुनं झालं तरी खोली टिकते. तोटा असा की ट्रेलर मागे घेणं ही वेगळी कला आहे आणि अरुंद जागेत त्रास होतो. @स्टेअरिंगवरून काय म्हणतात बघू.

स्टेअरिंगवरून

मोकळ्या मैदानात ट्रेलर बरा. गल्लीत नको. एकदा उलटा दुमडला की दोन्हीकडची वाहतूक तुम्हाला नावं ठेवते.

थेंबा

पाण्याबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही.

तुमच्या सेवेला पाणी थोडं लागतं, पण इतर कुणी हा धागा वाचत असेल तर: अंघोळीची किंवा कपडे धुण्याची फिरती सेवा असेल तर पाणी हाच सगळा खेळ आहे. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर घेतो. पाच मिनिटांची अंघोळ म्हणजे पन्नास लिटरपर्यंत. एक टन पाणी नेलं तरी वीस माणसं. आणि सांडपाण्याची टाकी तेवढीच किंवा थोडी मोठी हवी, ती मोकळी कुठे करणार हे आधी ठरलेलं हवं. गाडी निघताना शुद्ध पाण्याने भरलेली, परतताना घाण पाण्याने भरलेली, वजन कधी कमी होतच नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत २०१४ मध्ये लावा मे या संस्थेने शहराच्या निवृत्त बसमध्ये बेघरांसाठी स्नानगृहं बांधली. त्यांनी पाणी सोबत वाहिलंच नाही, रस्त्यावरच्या अग्निशमन नळातून परवानगीने घेतलं. सगळ्यात जड वस्तू थांब्यावरच मिळवायची, हा विचार मला फार आवडतो. तुमच्या थांब्यांवर नळ कुठे आहे, विजेचा पॉइंट कुठे आहे याची वही करा. अर्धी गाडी हलकी होईल.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला दोन तरुणांनी व्हॅनमध्ये कपडे धुण्याची यंत्रं बसवून ऑरेंज स्काय सुरू केलं. कपडे धुऊन वाळेपर्यंत तासभर जातो. तेवढ्या वेळात बसायला ते सोबत नारिंगी खुर्च्या मांडतात आणि गप्पा होतात. येणाऱ्या बऱ्याच जणांना धुलाईइतकीच त्या गप्पांची गरज असते. गाडी बांधताना खुर्च्या ठेवायची जागा कुणी काढत नाही, एवढंच सुचवते.

टाकीत आडव्या पत्र्यांचे अडसर लावून घ्या. अर्धी भरलेली टाकी ब्रेक लावल्यावर गाडीला पुढे ढकलते. आणि नळ्यांना चिकटवलेले कडक प्लास्टिकचे सांधे नकोत, हादऱ्यांनी तडकतात.

दोन चाकं पुरेत

मी व्हीलचेअर वापरतो. इथे आतापर्यंत आमच्या सोयीचा विचार फक्त धागाकर्तीच्या प्रश्नात आलाय, म्हणून लिहितोय.

रॅम्पचा सर्वमान्य उतार १:१२. ट्रकच्या चासीवर बांधलेल्या गाडीची फरशी जमिनीपासून साधारण एक मीटर वर असते. म्हणजे रॅम्प बारा मीटर लांब! गाडीपेक्षा लांब. म्हणून चित्रात तीन मीटरचा रॅम्प दाखवून 'सर्वांसाठी खुली' लिहिलेलं असतं तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. त्या उतारावर मला चौघं ढकलतात आणि मी देवाचं नाव घेतो.

एक मीटर उंचीला लिफ्टच लागते. ती ३०० किलो उचलणारी असावी, कारण विजेवरची खुर्ची एकटीच शंभर-दीडशे किलोची असते. वीज गेली तर हाताने खाली आणता येईल असा पंप हवा. वर पोचल्यावर दार आत उघडतं की बाहेर, आत खुर्ची फिरवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा आहे का, तपासणीचा पलंग किती उंच, हे सगळं बघा. नाहीतर मी आत येतो आणि दारातच अडकून बाकीच्यांची वाट अडवतो.

चासी ठरायची असेल तर खालच्या फरशीची बस बघा. फरशी ४० सेंटिमीटरच्या आसपास असते, काही बस दाराकडे झुकतातही. रॅम्प एकदम आवाक्यात येतो. म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, लहान मुलांना, सगळ्यांनाच सोपं.

आणि दार पदपथाच्या बाजूला आहे ना? रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशातून आणलेली जुनी गाडी घ्याल तर दार हमखास रहदारीच्या बाजूला उघडतं.

नाडीपरीक्षा

@दोन चाकं पुरेत, पलंगाच्या उंचीचा मुद्दा मीही विसरत नाही आता. आणखी एक पर्याय: रक्तदाब, साखर, वजन हे सगळं बाहेर छताखाली करा. मग आत येण्याची गरज फार थोड्यांना पडते. पण आत येण्याचा हक्क सगळ्यांना हवा, तो लिफ्टने मिळतो.

पानोपानी

दोन्ही सेवा एका गाडीत घालणार असाल तर पुस्तकं भिंतीला कायमची बसवू नका. उंच, अरुंद ट्रॉल्या करा, खाली चाकं, जमिनीत अडकवायचे खटके. तपासणीच्या दिवशी त्या गाडीत नसतील, वाचनाच्या दिवशी पलंग भिंतीला दुमडेल. मुलं पुस्तकं घेऊन बाहेर छताखाली बसली की आत गर्दी होत नाही. एकाच दिवशी दोन्ही मात्र नको. खोकणारा माणूस आणि गोष्टीचं पुस्तक चाळणारं पोर एकाच दीड मीटरच्या वाटेत नको.

फिरस्ती

मंडळी, खूप काही मिळालं. आत्तापर्यंत ठरलेलं लिहिते.

दातांची खुर्ची रद्द. तिला लागणारा हवेचा कॉम्प्रेसर, सक्शन, पाणी आणि वजन पाहून ज्यांचा हट्ट होता त्यांनीच माघार घेतली. खालच्या फरशीची मध्यम आकाराची गाडी बघतोय. पुस्तकं ट्रॉल्यांवर, वार वेगळे. सौर पॅनेल थोडी, लिथियमची बॅटरी, थांब्यांवर वीज मिळेल तिथे वायर आणि गळती-संरक्षक स्विच. जनरेटर सध्या नाही. थांब्यांची वही सुरू केलीय: नळ, विजेचा पॉइंट, सावली, वळायला जागा, जवळचं स्वच्छतागृह. शेवटचा रकाना आमच्या नर्सनी टाकायला लावला. सहा तास गाडीसोबत उभं राहणाऱ्या बायकांची सोय कुणीच विचारात घेत नाही म्हणाल्या.

काल सभागृहाच्या फरशीवर खडूने खऱ्या मापाची गाडी आखली. डॉक्टर, नर्स, एक खुर्ची, एक टेबल आणि आमचे अध्यक्ष त्यात उभे राहिले. अध्यक्षांना दार उघडायला जागाच नव्हती. त्या एका तासात चित्रावरच्या चर्चेपेक्षा जास्त निर्णय झाले.

@कमानपाटा, करारात काट्याच्या पावतीशिवाय आणखी काय घालू?

कमानपाटा

पूर्ण वायरिंगचा नकाशा, प्रत्येक फ्यूजवर नाव, नळ्यांचा नकाशा. गाडीच्या मूळ वायरिंगला कुठेही कापून जोड दिलेला नाही असं लेखी, नाहीतर चासी कंपनीची वॉरंटी जाते. प्रत्येक पंप, वायर, सांधा यांच्यापर्यंत हात पोचेल अशी स्क्रूने उघडणारी झाकणं, चिकटवलेली नकोत. ड्रॉवरना चुंबक नको, दाबून उघडणारे खटके. ताबा घेण्याआधी भरलेल्या गाडीची खराब रस्त्यावर चाचणी, आणि त्यानंतर पाण्याच्या फवाऱ्याखाली अर्धा तास. क्रम तोच ठेवा. हादरे बसल्यावरच गळती दिसते.

परिवहन खात्याची मंजुरी बॉडीवाल्याने घ्यायची की तुम्ही, तेही लिहा. यावरून तयार गाड्या महिनोन् महिने गॅरेजात उभ्या राहिलेल्या पाहिल्यात.

पेटीवाला

खडूचं आवडलं. माझा विरोध मागे घेत नाही, पण निम्मा केला असं समजा. ट्रॉल्या म्हणजे माझ्या पेट्याच आहेत.

स्टेअरिंगवरून

ताई, एक राहिलं. स्टेपनी कुठे बसवणार ते विचारून घ्या. खाली पाण्याची टाकी लावतात आणि मग स्टेपनी काढायला टाकी सोडवावी लागते.

फिरस्ती

आत्ताच फोन केला. चित्रात स्टेपनीच नाहीये. :(

नवीन चित्र मागवलंय, आलं की इथेच टाकते.